कैनकरीतली प्रमिला

"चक्करे!"

आलप्पुळाच्या बोटीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या उंच, सावळ्या बाईनं अशी हाक मारली आणि माझ्या बायकोनं हातातली पिशवी खाली टाकली. टाकली म्हणजे अक्षरशः टाकली. आत लाडवांचा डबा होता, त्याचं झाकण उघडलं. प्रमिलानं वळून पाहिलंसुद्धा नाही. ती धावत गेली, त्या बाईच्या गळ्यात पडली, आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या. प्रमिला मलयाळममध्ये बोलत होती. अडखळत नाही, सुचेल तसं नाही, तर भरधाव. आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

मी लाडू गोळा केले.

ही शहाण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी तासगावात एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो. प्रमिला लग्नाआधी मिरजेला नर्सिंग शिकून नोकरीला होती. तिथं होस्टेलच्या एका खोलीत चार मुली, त्यातल्या तिघी केरळच्या. त्यांच्यातली एक ही अन्नम्मा. लग्नानंतर प्रमिलानं नोकरी सोडली. अन्नम्मा गावी परतून तिथल्याच दवाखान्यात लागली. दर नाताळात तिचं एक कार्ड यायचं. "या एकदा," असं त्यात वीस वर्षं लिहिलेलं असायचं. त्या वर्षी मुलगी कऱ्हाडला होस्टेलवर गेली होती, आई म्हणाली, "मी राहते एकटी, शेजार आहे की. जाऊन या." म्हणून आम्ही निघालो.

"ती तुला काय म्हणाली?" मी प्रमिलाला विचारलं.

"चक्करा म्हणजे गूळ, साखर. लाडानं म्हणतात तसं."

"आणि तुला एवढं बोलता येतं?"

"येत होतं. आता किती विसरले," ती म्हणाली. तिचं तोंड लाल झालं होतं.

अन्नम्मा माझ्याकडं वळली. मिरजेतलं मराठी तिनं जमेल तसं जपून ठेवलं होतं. "मास्तर, प्रवास चांगला झाला? भूक लागला असेल."

तिच्यामागं तिचा भाऊ उभा होता. कुरियाच्चन. पन्नाशीचा, पांढरा मुंडू नेसलेला, दंड वल्ह्यासारखे. तो मला "सार" म्हणाला, माझ्या हातातल्या दोन्ही बॅगा त्यानं घेतल्या आणि प्रमिलाकडं पाहून हसला. प्रमिलाही हसली. मग तो काहीतरी बोलला आणि तिघं मोठ्यांदा हसले. मीही हसलो. कशाला ते मला माहीत नव्हतं.

त्यांचं घर कैनकरी गावात होतं. तिथं रस्ता जात नाही, बोटीनंच जायचं. कुरियाच्चनकडं इंजिनाची लहान बोट होती. त्या भागाबद्दल मी गेली वीस वर्षं वर्गात सांगत आलो होतो. समुद्रसपाटीपेक्षाही खाली शेती होते असा आपल्या देशातला हा विरळा प्रदेश. प्रमिलाला तो मी स्वतः दाखवणार होतो. त्यासाठी वही केली होती. कोणत्या दिवशी काय पाहायचं, किती वाजता निघायचं, सगळं त्यात लिहिलं होतं.

बोट मोठ्या पाण्यातून कालव्यात शिरली तशी मी सुरुवात केली. "प्रमिला, बघ. हा बांध आहे ना, त्याच्या पलीकडचं शेत पाण्याच्या पातळीपेक्षा..."

"खाली आहे," ती म्हणाली. "दीड-दोन मीटर. आता पेरणीआधी पंपांनी पाणी उपसतात. अन्नम्माचे वडील होस्टेलवर पत्रं लिहायचे, त्यात पुरात बांध फुटला की तेच असायचं. ती रडायची, मग आम्ही सगळ्याच रडायचो."

आणि तिनं कुरियाच्चनला काहीतरी विचारलं. त्यानं इंजिन बंद केलं, बोट बांधाला लावली, आणि तिला हात देऊन वर चढवलं. पलीकडं खाली चिखलाचं अफाट शेत होतं, त्यात शेकडो बदकं. तो हातवारे करून सांगत होता. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती, मध्येच प्रश्न विचारत होती. मी बोटीतच बसून राहिलो. मला कुणी हात दिला नव्हता. खरं सांगायचं तर त्यानं पुढं केला होता. मी घेतला नव्हता.

दुपारी जेवायला बसलो. मासळीचा लालभडक रस्सा आणि उकडलेला साबुकंद. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. अंडी, मटण चालतं, मासे नाहीत. मी प्रमिलाला म्हणालो, "तुझ्यासाठी काही वेगळं करायला सांगू का?" तेवढ्यात तिनं माशाचा तुकडा उचलला, दोन बोटांनी सराईतपणे काटा काढला आणि डोळे मिटून खाल्ला.

"तुला मासे आवडतात?"

"मिरजेत ह्यांनीच सवय लावली. घरी वास चालत नाही ना कुणाला," ती सहज म्हणाली आणि अजून एक तुकडा मागून घेतला.

बैठकीच्या भिंतीवर एक फोटो होता. कृष्णेचा घाट, पायऱ्यांवर चार मुली, आणि कडेला तरुण कुरियाच्चन. तो वर्षातून एकदा बहिणीला भेटायला मिरजेला यायचा, सगळ्यांसाठी केळ्याचे वेफर घेऊन, असं अन्नम्मानं सांगितलं. चौघींतली एक मुलगी मान मागं टाकून हसत होती, तोंड पूर्ण उघडं, एक चप्पल पायरीवरून निसटलेली. ही कोण, असं मी विचारणार होतो. मग ओळखलं.

मी त्या फोटोसमोर फार वेळ उभा राहिलो. हा फोटो काढल्यावर सहा महिन्यांत मी तिला पाहायला गेलो होतो. तेव्हा ती खाली मान घालून बसली होती, आणि मला तेच आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहीप्रमाणं आम्ही अंबलप्पुळाचं देऊळ पाहिलं, तिथलं गोड पायसम खाल्लं. मग करुमाडीला गेलो. तिथं काळ्या दगडाची बुद्धाची मूर्ती आहे, अर्धीच. एक बाजू कधीतरी तुटून गेलेली. मी वहीतून मोठ्यानं वाचायला लागलो. ही मूर्ती बऱ्याच शतकांपूर्वीची, या शतकात कालव्यात सापडली, वगैरे. दोन ओळी वाचल्या असतील, तोच मागं दोघी खुसखुसल्या.

"काय झालं?"

"काही नाही," प्रमिला डोळे पुसत म्हणाली. "होस्टेलचं आठवलं."

"मूर्तीवरून होस्टेल आठवलं?"

"तुम्ही वाचा ना," ती म्हणाली.

मी वही मिटली. मला खात्री होती की त्या मला हसत होत्या. आपल्या बायकोला आपल्याबद्दल काय वाटतं हे एका परक्या बाईला समजतं आणि आपण शेजारी उभे असून आपल्याला समजत नाही, ही गोष्ट मला सहन होईना. घरी प्रमिला कमी बोलायची. शांत स्वभाव, असं मी सगळ्यांना सांगायचो, जरा अभिमानानंच. इथं ती पहाटे उठल्यापासून बोलत होती. बोलताना हात हलवत होती, कुरियाच्चनची नक्कल करत होती, अन्नम्माच्या पाठीत धपका घालत होती. हे सगळं तिच्याकडं होतं आणि ते तिनं मला दिलं नव्हतं. माझा हिशेब तेव्हा असा होता.

शनिवारी आलप्पुळाचं दीपगृह. तीन वाजता उघडतं म्हणून मी सगळ्यांना घाईनं आणलं. वर जायला गोल जिना. पायथ्याशी अन्नम्मा म्हणाली, "मास्तर, मी चढत नाही. दम लागतो मला."

"मी थांबते हिच्यापाशी," प्रमिला म्हणाली.

"अगं, एवढ्या लांब आलोय. वरून सगळा किनारा दिसतो."

"तुम्ही बघून या. मला सांगा."

मी एकटा चढलो. वरून नारळांचं रान दिसत होतं, समुद्रात घुसलेला जुना मोडका धक्का दिसत होता. आणि वाळूवर त्या दोघी. निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात उभ्या होत्या. प्रमिलानं अन्नम्माच्या कमरेभोवती हात टाकला होता, अन्नम्माचं डोकं हिच्या खांद्यावर. मी वरून हाक मारली. हात हलवला. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही. शेजारी एक गुजराती जोडपं फोटो काढत होतं, त्यांनी मला कॅमेरा दिला. मी त्यांचा फोटो काढला.

खाली आलो तेव्हा प्रमिलाचे डोळे सुजल्यासारखे होते. "खारा वारा," ती म्हणाली. मी पुढं विचारलं नाही. मला राग आला होता, आणि त्या रागात विचारण्यासारखं काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी अन्नम्मा आणि कुरियाच्चन चर्चहून परतले. मी खोलीत दाढी करत होतो. खिडकीतून घराच्या मागच्या पायऱ्या दिसायच्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. अन्नम्मा पायरीवर बसली होती, पदरात तोंड घालून. कुरियाच्चन उभा होता आणि त्याच्यासमोर प्रमिला. ती त्याला काहीतरी सांगत होती. विनवत होती म्हटलं तरी चालेल. तो नाही-नाही म्हणून मान हलवत होता. तिनं त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. मग तो मोठा माणूस खाली बसला आणि रडायला लागला, आणि माझ्या बायकोनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

माझ्या गालाला वस्तरा लागला.

ती खोलीत आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "अहो, ऐकता का? आपलं रिझर्वेशन बुधवारचं आहे. तुम्ही जाल का एकटे? मी अजून पंधराएक दिवस राहते."

"का?"

"अन्नम्माला बरं नाहीये."

"काय झालंय?"

ती घुटमळली. "सांगेन. तिनं अजून कुणाला सांगू नको म्हटलंय."

"मला पण नाही?"

"आजच्या दिवस थांबा. तिला विचारून सांगते."

तिला विचारून. हे दोन शब्द माझ्या डोक्यात बसले. मी शर्ट घातला आणि गावच्या धक्क्याजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. घरी फोन लावला. आईनं उचलला. तिची तब्येत ठणठणीत होती. शेजारच्यांच्या म्हशीला रेडी झाली, खरवस आलाय, असं सांगत होती. "सुनेला सांग, निवांत फिरा." मी बरं म्हणालो. फोन ठेवला.

परत येताना वाटेत ते वाक्य माझ्याकडं तयार झालं. घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते इतकं खरं वाटत होतं की माझा आवाजही फाटला.

"आई न्हाणीत घसरली. कमरेला लागलंय. आजच निघायला पाहिजे."

प्रमिला काही क्षण माझ्याकडं पाहत राहिली. मग आत गेली आणि बॅग भरायला लागली. अन्नम्मानंच तिच्या साड्यांच्या घड्या घातल्या. "आई आधी," ती मला म्हणाली. "जा, मास्तर. मला राग नाही." दोघी दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्या वेळी मात्र त्या काही बोलल्या नाहीत. आणि मला, हे लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

रिझर्वेशन नव्हतं म्हणून कुरियाच्चन एर्नाकुलमपर्यंत सोबत आला. मुंबईच्या गाडीला दीड तास अवकाश होता. "पाणी भरून आणते," म्हणून प्रमिला गेली. बराच वेळ लागला तिला. परत आली तेव्हा बाटली भरलेली होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. कुरियाच्चननं टीसीला गाठून माझ्यासाठी आणि तिच्यासाठी जागा मिळवली.

गाडी आली. प्रमिलानं माझी बॅग सीटखाली सरकवली, जेवणाचं पुडकं खुंटीला अडकवलं आणि ती खाली उतरली. मला वाटलं, काही राहिलं असेल.

खिडकीपाशी येऊन ती म्हणाली, "मी इथंच थांबते. अन्नम्माच्या छातीत गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन. ह्यांची आई ह्याच आजारात, ऑपरेशननंतर गेली, म्हणून कुरियाच्चन ऑपरेशनला तयार नव्हता. आज कसाबसा तयार झालाय. मी गेले तर परत माघार घेईल."

हे ऐकून मला काहीतरी वाटायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आणि आई? तिचं कोण करणार?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. शांतपणे, घरी पाहायची तसंच.

"आईंकडं तुम्ही आहात ना," ती म्हणाली.

गाडी हलली. प्लॅटफॉर्मवर ती उभी, शेजारी कुरियाच्चन, त्याच्या हातात तिची बॅग. ते मागं मागं गेले.

सोलापूरपर्यंत मी सबंध प्रवास धुमसत काढला. गंमत अशी की, आई पडलीय हे मीच रचलेलं, पण गुंटकल येईपर्यंत माझा त्यावर विश्वास बसला होता. म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली आणि ही मैत्रिणीसाठी तिकडं थांबली. त्या माणसाबरोबर परत गेली. भावकीत मी हे कसं सांगेन, कुठल्या शब्दांत, याचीसुद्धा मी जुळवाजुळव केली.

घरी पोचलो तेव्हा आई सोप्यात बसून मेथी निवडत होती.

"आलास? खाऊन घे. खरवस ठेवलाय तुझ्या वाटणीचा."

मी चपला काढल्या.

"का रे, रविवारी दोघांचे दोन फोन? सकाळी तुझा, दिवस मावळायला प्रमिलाचा. म्हटलं, झालंय काय यांना."

मी तिथंच खांबाला टेकलो. "तिचा फोन? कुठनं?"

"ठेसनातनं. तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. म्हटलं, मला काय धाड भरलीय? मग गप्पच झाली. म्हटलं, लाईन तुटली का काय. मग म्हणाली, ह्यांची शाळेची निकड आहे, ते पुढं येतायत. मैत्रिणीचं ऑपरेशन आहे, मी थांबू का? म्हटलं, थांब की. विचारतीस काय."

आईनं एक जुडी संपवून दुसरी घेतली.

"पोरीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं माझ्याकडं. नोकरीसुद्धा मागितली नाही. मी वाट बघत होते, दवाखान्यात जाते म्हणून कधी म्हणतीय. नर्स सून म्हणून मी गावभर सांगितलेलं."

"तुला रात्रपाळी चालत नव्हती ना," मी म्हणालो.

"मला?" आईनं मान वर केली. "मी कधी बोलले?"

ती कधीच बोलली नव्हती. लग्नानंतर महिन्याभरात प्रमिलानं नोकरीचा विषय काढला, तेव्हा मी म्हणालो होतो, "आईला ते आवडणार नाही." मला स्वतःला ती दवाखान्यात, इतक्या माणसांत, इतक्या डॉक्टरांत गेलेली नको होती. पण ते माझ्या तोंडानं म्हणायला मला कमीपणा वाटला. आईचं नाव सोपं होतं. पुढं मीही ते विसरलो, म्हणजे खरंच विसरलो. आईला आवडलं नाही म्हणून सोडली, असंच मी लोकांना सांगायचो.

मी खरवस खाल्ला नाही. आईनं दोनदा विचारलं, मग वाटी झाकून ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगतो. अन्नम्मा त्यानंतर अकरा वर्षं जगली. दोनदा तासगावला येऊन गेली. प्रमिला पुढच्या जानेवारीत इथल्या एका सूतिकागृहात नोकरीला लागली आणि अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत तिनं ती केली, रात्रपाळ्यांसकट. करुमाडीला तुम्ही दोघी मला हसत होतात का, असं मी तिला खूप वर्षांनी विचारलं. "हो," ती म्हणाली. "अन्नम्मा म्हणाली, तुझे मास्तर देवाचीपण हजेरी घेतात." मग आम्ही दोघंही हसलो. पण तिला मलयाळममध्ये फोनवर बोलताना ऐकलं की त्यात माझं नाव येतंय का, इकडं अजूनही माझा कान असायचा. ते पुरतं कधी गेलं नाही.

पण त्या आधीची एक गोष्ट सांगायची आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी हेडमास्तरांकडं रजेचा अर्ज दिला आणि परत गाडीत बसलो. शुक्रवारी दुपारी दवाखान्यात पोचलो. वॉर्डाबाहेर कुरियाच्चन बाकावर बसला होता. हातात जपमाळ, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला पाहून तो घाईनं उठला आणि आपली जागा मला दिली. "सार, शी ईज ऑलराइट," तो म्हणाला. या माणसाबद्दल मी तीन हजार किलोमीटर काय काय विचार केले होते.

मी बसलो नाही. आत गेलो.

अन्नम्मा झोपली होती. छातीवर जाड बँडेज, हाताला सलाईन. प्रमिला तिचे पाय पुसत होती. पदर खोचलेला, केस घट्ट बांधलेले. एक तरुण नर्स शेजारी उभी राहून ती कशी पुसते ते पाहत होती. मला बघून प्रमिलाचा हात थांबला. एवढंच. आश्चर्य नाही, राग नाही.

"कधी निघालात?"

"बुधवारी."

तिनं फडकं पिळलं. पुन्हा पुसायला लागली. थोड्या वेळानं, माझ्याकडं न पाहता, तिनं विचारलं, "आईंची कंबर कशी आहे?"

मी तिथं उभा होतो. खोटं पुढं चालवणं अगदी सोपं होतं. बरी आहे, आता चालते, एवढं म्हटलं असतं की झालं. तिनं मान डोलावली असती आणि त्यावर आम्ही आणखी एकवीस वर्षं काढली असती.

"आई पडलीच नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. आणि तुझ्या नोकरीचंही. ते आईनं म्हटलंच नव्हतं. मीच नको म्हणालो होतो."

तिचा हात पुन्हा थांबला. पहिलं तिला माहीत होतं. दुसरं माहीत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती तरुण नर्स, भाषा कळत नसतानाही, हळूच बाहेर निघून गेली.

"आई पडली नाही हे तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते," ती म्हणाली.

दुसऱ्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही फारसं नाही. तिनं फडकं बादलीत टाकलं, बादली उचलून माझ्या हातात दिली.

"हे पाणी ओतून या," ती म्हणाली. "गरम पाणी डाव्या हाताला, शेवटच्या दारात मिळतं. अर्धीच भरा."